आर्नोकांठचें बिऱ्हाड

युरोपांतील राजधान्यांचीं नांवें आमच्या पिढीनें भूगोलाच्या तासाला घोकलीं, तीं लंडन, पॅरिस, रोम, व्हिएन्ना अशा क्रमानें. त्या यादींत फ्लॉरेन्सचें नांव नव्हतें, व तें नसणें योग्यच होतें. हें शहर एकीकृत इटलीची राजधानी झालें तें १८६५ सालीं, आणि १८७१ सालीं तो मान रोमकडे गेला. अवघीं सहा वर्षें. परंतु नेमक्या त्या सहा वर्षांच्या अवधींत कोल्हापूरचे एक छत्रपति तेथें बिऱ्हाडास उतरले व तेथून परत आले नाहींत. म्हणून इतर प्रवासी या नगराची ओळख चित्रें व पुतळे यांच्यापासून करून घेवोत. कोल्हापूरच्या माणसानें ती एका हॉटेलच्या खोलीपासून करून घ्यावी, असें आमच्या मनानें पुष्कळ दिवस घेतलें होतें.

राजाराम महाराज म्हटलें कीं आमच्याकडे घोटाळा होतो. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव राजाराम निराळे, आणि शाहू छत्रपतींचे चिरंजीव, जे १९२२ पासून १९४० पर्यंत गादीवर होते, ते राजाराम निराळे. आम्ही ज्यांच्याविषयीं लिहितों ते या दोहोंच्या मधले. मूळचे नागोजीराव पाटणकर. १८५० सालचा जन्म. १८६६ सालीं दत्तक येऊन गादीवर बसले. इंग्रजी उत्तम शिकलेले. विसावें वर्ष लागलें तेव्हां, म्हणजे १८७० सालीं, ते विलायतेस निघाले. गादीवर असलेल्या हिंदु राजानें समुद्र ओलांडणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. त्यांनीं प्रवासांत स्वतः इंग्रजींत दैनंदिनी लिहिली, व ती त्यांच्या मागें त्यांच्याबरोबर असलेले कॅप्टन वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध केली. पार्लमेंट, कारखाने, नाटकगृहें, राणीची भेट, सर्व कांहीं त्यांत आहे. एका तरुण मुलाची जिज्ञासा पानोपानीं दिसते. शेवटचीं पानें मात्र वाचवत नाहींत.

परतीची वाट फ्रान्समधून असावयाची. पण त्या वर्षीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें होतें आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून मंडळी बेल्जियम, जर्मनी व तिरोलचे डोंगर या मार्गानें इटलींत उतरली. ब्रेन्नरच्या खिंडींतून आगगाडी सुरू होऊन तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. थंडीचे दिवस, आणि महाराजांची प्रकृति वाटेंतच बिघडत चालली होती.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त म्युनिक येथें असतो. गेल्या चैत्रांत त्यानें आम्हां उभयतांस तिकडे बोलावून घेतलें, आणि तेथून फ्लॉरेन्सला जावयाचें ठरलें तेव्हां विमानाऐवजीं आम्हीं हाच मार्ग मागून घेतला: म्युनिक, इन्सब्रुक, ब्रेन्नर, व्हेरोना, बोलोन्या. ब्रेन्नरपाशीं कडेला बर्फ होतें आणि दोनतीन तासांनीं खालीं द्राक्षांचे मळे लागले. बोलोन्याहून पुढचा डोंगर आतां लांबच लांब बोगद्यांतून चाळीस मिनिटांच्या आंत ओलांडतात. खिडकींतून पाहावयास कांहीं नाहीं. १८७० सालीं मात्र पिस्तोयावरून जाणाऱ्या जुन्या घाटाच्या रुळांवरून गाडी धापा टाकीत जाई. आजाऱ्याला तो घाट कसा वाटला असेल हा विचार आम्हांस बोगद्यांत सुचला.

आतां बिऱ्हाडाची गोष्ट. जावयाचें योजणाऱ्या वाचकांस ती उपयोगी पडेल म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. फ्लॉरेन्स, किंवा तेथले लोक म्हणतात त्याप्रमाणें फिरेन्त्से, हें गांव मुळांत लहान. जुना भाग तर आमच्या शिवाजी पेठेंतल्या माणसास पायीं सहज फिरून होईल एवढाच. आणि त्यांत येणारे प्रवासी जगभरचे. तशांत आम्ही गेलों ते ईस्टरच्या सणांत. राहण्याचे प्रकार साधारण तीन. हॉटेलें, घरमालकांनीं भाड्यानें दिलेल्या खोल्या अथवा अख्खीं घरें, आणि मठ, म्हणजे जेथें ख्रिस्ती जोगिणी पाहुण्यांस खोल्या देतात. हॉटेलांचे दर ऐकून पेन्शनरानें कान झांकून घ्यावे. भाड्याच्या घरांचा सुळसुळाट एवढा झाला कीं जुन्या गांवांतले मूळचे रहिवासी बाहेर फेंकले जाऊं लागले, आणि २०२३ सालीं तेथील नगरसभेनें जुन्या भागांत प्रवाशांसाठीं अशीं नवीं घरें काढण्यास बंदी करण्याचा ठराव केला. यांत नवल असें कीं राजधानी असतांनाही हीच रड होती. सरकारी कचेऱ्या व कारकून ट्यूरिनहून लोंढ्यानें आले, भाडीं चढलीं, गरीब घराबाहेर पडले, आणि गांवाचा जुना तट पाडून तेथें रुंद रस्ते व नव्या वस्त्या झाल्या. आज त्या रस्त्यांनीं मोटारी वाहतात.

पुतण्यानें संगणकावरून कथीड्रलच्या जवळ एक खोली ठरविली होती. जाहिरातींत पाळणा, म्हणजे लिफ्ट, आहे असें स्पष्ट लिहिलें होतें. पाळणा होता, परंतु त्याच्या दाराला चिठ्ठी डकवलेली होती आणि तो हालत नव्हता. मालक जागेवर नाहीं. किल्ली भिंतीवरच्या एका आंकडेवारी कुलपाच्या पेटींत. खोली चौथ्या मजल्यावर, आणि तिकडचा एकेक मजला आपल्या दीड मजल्याएवढा उंच. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्षही झालें नव्हतें. तिनें खालीं उभें राहून जिन्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "अहो, मी येथेंच बसतें. तुम्ही वर जाऊन या व कसें आहे तें सांगा." मालकानें दूरध्वनीवर सांगितलें कीं पाळणा पुढच्या आठवड्यांत सुरू होईल. आमचा मुक्काम पांच दिवसांचा. पैशांपैकीं निम्मे परत आले, निम्मे आले नाहींत. वाचकांनीं एवढें करावें: पाळण्याविषयीं आधीं लेखी विचारावें, व तो आज चालतो काय असें विचारावें. आणखी एक: खोलीच्या दराशिवाय दरडोई, दर रात्रीं नगरसभेची निराळी पट्टी असते, ती जागेच्या वर्गाप्रमाणें कमीअधिक असून फार तर सात रात्रींची घेतात. ती मागितली म्हणजे फसवणूक झाली असें समजूं नये.

तळमजल्याच्या किराणावाल्यानें नदीपलीकडचा एक मठ दाखविला. तेथें आमच्याच वयाच्या एका जोगिणीनें दार उघडलें. पुतण्यानें मोडक्या इटालियनमध्यें हकीकत सांगितली. तिनें सौ.च्या काठीकडे पाहिलें, आणि तळमजल्यावरची बागेकडची खोली दिली. दर पहिल्या खोलीच्या निम्म्याहून थोडा अधिक. नियम तीन: रात्रीं अकराला दार बंद, खोलींत अन्न शिजवावयाचें नाहीं, व मोठ्यानें बोलावयाचें नाहीं. पलंगाच्या डोक्याशीं क्रूस, पांढरी चादर, बाहेर मातीच्या मोठमोठ्या कुंड्यांत लिंबाचीं झाडें. आमच्या सौ.नें बॅगेंतून देवीची तसबीर काढून ती खिडकींत ठेवली. दुसऱ्या दिवशीं झाडावयास आलेल्या बाईनें ती उचलून खालची धूळ पुसली व जेथल्या तेथें ठेवली.

जेवणाचा प्रश्न लोक वाटतो तेवढा कठीण नाहीं. त्या प्रांताच्या लोकांस इतर इटालियन 'शेंगाखाऊ' म्हणून चिडवितात, एवढे ते कडधान्यांचे भोक्ते. शिळ्या पावाचें व घेवड्याचें दाट कालवण, टोमॅटोंत शिजविलेला पाव, हे गरिबांचे पदार्थ आजही खाणावळींत मिळतात. फक्त मांसाचें पाणी घातलें आहे काय एवढें विचारून घ्यावें. पावांत मीठ नसतें. पहिल्या घांसाला आम्हांस तो आजाऱ्याचा वाटला. पण वरणभाताची गोष्ट वेगळी. तिसऱ्या दिवशीं ती जोगीण बागेंत बसून शेंगा सोलीत होती. पावट्याच्या थोरल्या भावासारख्या, हाताएवढ्या लांब. सौ. शेजारीं जाऊन बसली व सोलूं लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाहीं. अर्धी टोपली झाल्यावर जोगिणीनें तिला हातानें खुणावून स्वयंपाकघरांत नेलें आणि एक चूल मोकळी करून दिली. नियम खोलींत न शिजविण्याचा होता, हें आम्हीं तेव्हां बारकाईनें लक्षांत घेतलें. त्या संध्याकाळीं चार जोगिणींनीं हिंगाचा वास घेत मुगाचें वरण चाखलें. एकीनें पुन्हां घेतलें. बाकीच्या सभ्य होत्या.

पुढच्या सकाळीं आम्ही ओन्यिस्सांती चौकांत गेलों. ओन्यिस्सांती म्हणजे सर्व संत. आर्नो नदीच्या कांठाला लागून हा चौक. एका बाजूस त्याच नांवाचें मंदिर, ज्यांत चित्रकार बोत्तिचेल्ली पुरलेला आहे. आणि समोरासमोर दोन भारी हॉटेलें. राजाराम महाराज याच चौकांतल्या ज्या हॉटेलांत उतरले त्याचें नांव 'होतेल द ला पे'. पे म्हणजे शांति. तेथेंच ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, वीस वर्षांचे असतांना, त्यांचा अंत झाला. चौकांत उभें राहून आम्हीं नदीकडे पाहिलें. पाणी संथ, थोडें गढूळ, मध्यें एक बांध. पावसाळा ओसरल्यावर पंचगंगेचें दिसतें तसेंच दिसतें. तेथल्या द्वारपाळानें आम्हांकडे दोनदां पाहिलें, म्हणून पुढें निघालों.

आतां विचार करा. परका देश. बरोबरची मंडळी थोडी. त्यांतल्या कोणास इटालियन येत नसावें. राजाचा देह हॉटेलच्या खोलींत. आणि त्या देशांत प्रेत पुरतात. जाळण्याची रीत नाहीं व परवानगीही नाहीं. इटलींत नव्या पद्धतीचें पहिलें दहन मिलान येथें झालें तें १८७६ सालीं, म्हणजे सहा वर्षांनंतर. आणि १८८६ सालीं तर रोमच्या धर्मपीठानें आपल्या अनुयायांस दहनाची मनाईच केली. ती १९६३ पर्यंत टिकली. शेली कवीचा देह याच प्रांताच्या समुद्रकांठीं १८२२ सालीं जाळला होता हें खरें, पण तो वाहून आलेल्या प्रेतांसंबंधींच्या साथीच्या कायद्यामुळें. अशा स्थितींत ब्रिटिश वकिलातीच्या खटपटीनें नगराच्या अधिकाऱ्यांनीं अनुमति दिली, आणि रात्रींतच दिली. आपल्या चालीप्रमाणें नदीचा संगम पाहिजे; तोही सांपडला. गांवाच्या पश्चिमेस मुन्योने नांवाचा ओढा आर्नोस मिळतो, तेथें मोठ्या उद्यानाचें टोंक आहे. पहांटेपूर्वींच्या अंधारांत तेथें चिता रचली, आपल्या विधीनें दहन झालें व रक्षा नदींत सोडली.

बिऱ्हाड देणें म्हणजे काय, याचा विचार आम्ही शिक्षकी पेशांत असल्यापासून करीत आलों आहों. कारण कोल्हापूर हें वसतिगृहांचें गांव. १९०१ सालीं शाहू महाराजांनीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, त्याच सुमारास जैन विद्यार्थ्यांचें निघालें, आणि पुढें निरनिराळ्या जातींचीं इतकीं निघालीं कीं या गांवास वसतिगृहांची जननी म्हणूं लागले. हें आपण अभिमानानें सांगतों. पण तीं काढावीं कां लागलीं हें सांगत नाहीं. खेड्यांतून शिकावयास आलेल्या मुलास शहरांत उतरावयास घर मिळत नसे. आणि घरें होतीं तीं बहुतेक आपल्यासारख्यांचीं होतीं. शिधा, सोंवळें, पाणी, एवढ्यावर बोलणें संपत असे. आजही खोली दाखवितांना पहिला प्रश्न आडनांवाचा येतो, हें ज्या वाचकांचा वाडा भाड्यानें दिलेला आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको. ज्या काळीं समुद्रापलीकडे जाऊन आलेल्या माणसाला आपल्याच घरांत पंक्तीस घ्यावें कीं नाहीं याचा खल चालत असे, त्या काळीं एका परक्या नगरानें आपल्या रिवाजांत न बसणारा एक अग्नि आपल्या नदीकांठीं पेटूं दिला. राजा होता म्हणून दिला, हें कोणी म्हणेल व तें खरेंही असेल. विलायतेंतून वकील बोलला म्हणून दिला, हेंही खरें. तरी पण दिला.

चौथ्या दिवशीं आम्ही तें स्थळ पाहावयास निघालों. उद्यानाचें नांव रोमन लिपींत वाचलें तर भलतेंच दिसतें. इटालियन उच्चार 'काशिने' असा आहे. सौ.नें तें ऐकलें व हात जोडले. वस्तुतः त्याचा काशीशीं संबंध नाहीं. पूर्वीं तेथें राजघराण्याचे गुरांचे गोठे होते, त्यावरून तें नांव पडलें. आम्हीं ही व्युत्पत्ति तिला सांगितली. ती म्हणाली, "असूं द्या. गाईंचा गोठा म्हणजे तरी वाईट काय?" यावर व्याकरणशास्त्र गप्प बसतें.

स्टेशनापासून ट्राम दोनतीन थांब्यांत उद्यानाच्या जवळच्या टोंकास पोंचविते. तेथून पुढें सुमारें तीन किलोमीटर सरळ झाडींची वाट. मंगळवार असल्यामुळें सुरवातीला मोठा बाजार भरला होता: कपडे, चपला, चीज, कोंबड्या. आपल्या आठवड्याच्या बाजारासारखाच, फक्त ओरडण्याची भाषा निराळी. पुढें गर्दी विरळ होते. शेवटीं एक कमी वर्दळीचें मैदान लागतें, आणि त्यांत तारांच्या जोरावर पेललेल्या एका अजस्र पुलाच्या पायाशीं ती छत्री दिसते.

छत्रीची योजना मेजर मँट यांची. कोल्हापूरकरांस हें नांव नवीन नको. आपला टाऊन हॉल व नवा राजवाडा त्यांच्याच कल्पनेचे. आंतला अर्धपुतळा फुल्लर नांवाच्या, फ्लॉरेन्समध्येंच राहणाऱ्या इंग्रज शिल्पकारानें केला. १८७४ सालीं तो बसविला. खांबांवर नक्षीदार घुमट, आंत रंगविलेला पुतळा: डोक्यास पागोटें, गळ्यांत कंठे, चेहरा कोंवळा. तळाशीं बाजूंवर निरनिराळ्या भाषांतले लेख. टाऊन हॉलच्या बागेंत लहानपणीं खेळलेल्या माणसास त्या घुमटाकडे पाहतांना अगदीं परकें वाटत नाहीं. पण पायांखालची माती निराळी आहे हेंही विसरतां येत नाहीं. आमच्या कोल्हापुरांत राजघराण्यांतील मंडळींच्या छत्र्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. ही एकटीच आर्नोवर.

सौ.नें घरून निघतांना तांब्याच्या लहान कुपींत पंचगंगेचें पाणी आणलें होतें. विमानांत हातच्या पिशवींत नेऊं देतील कीं नाहीं या शंकेनें तें मोठ्या बॅगेंत कपड्यांत गुंडाळून. आम्हीं संगमाच्या बाजूस गेलों. उतार निसरडा होता. पुतण्यानें आमचा दंड धरला, आणि आम्हीं महाराजांचें नांव उच्चारून तें पाणी ओढ्याच्या मुखाशीं सोडलें. त्यांचें गोत्र व आमचें गोत्र एक नाहीं, अधिकार कोणता, असा प्रश्न एखादा शास्त्रज्ञ विचारील. तेथें विचारावयास कोणी नव्हतें.

एक वृद्ध गृहस्थ कुत्रें घेऊन फिरावयास आले होते. ते थांबले व छत्रीकडे बोट दाखवून पुतण्याला म्हणाले, "हा तुमचा राजा काय?" या कोपऱ्याला, त्या मैदानाला, आणि १९७८ सालीं पुरा झालेल्या त्या पुलालाही तेथें 'इंदियानो' असेंच म्हणतात, इंदियानो म्हणजे हिंदी माणूस. लहानपणापासून ते येथें येत होते, पण राजाचें नांव काय हें त्यांस सांगतां येईना. लेखावर आहे, पण वाचणार कोण? आम्हीं सांगितलें: राजाराम. त्यांच्या भाषेंत त्या अक्षराचा उच्चार 'य' सारखा होतो, म्हणून त्यांनीं "रायाराम" असा म्हणून पाहिला. आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें सुधारला. दुसऱ्या खेपेस बरोबर आला. कुत्र्याचें नांव त्यांनीं आम्हांस सांगितलें. तें आम्हांस तीन खेपा करूनही जमलें नाहीं.

एवढें सांगतों कीं जातांना, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं छत्रीपर्यंत भाड्याची मोटार करावी. जुन्या गांवांत मोटारींस मज्जाव असला तरी हा भाग त्याच्या बाहेर आहे. येतांना मात्र चालत यावें. वाट नदीच्या कांठाकांठानें आहे, थोड्याथोड्या अंतरावर बांक आहेत, आणि ट्राम रात्रीं उशिरापर्यंत असते. आम्ही मठाचें दार लागण्यापूर्वीं दोन तास आधींच परत पोंचलों.